विधान आणि विधान : इंडियानाच्या सिनेटातील एक दुपार

१

मराठीत ‘विधान’ हा शब्द दोन निरनिराळ्या घरी नांदतो. तर्कशास्त्राच्या आणि व्याकरणाच्या वर्गात विधान म्हणजे एखाद्या वस्तूविषयी काही सांगणारे वाक्य. ते खरे असते किंवा खोटे असते. विधानसभेत किंवा विधान परिषदेत मात्र विधान म्हणजे नियम घालून देणे. तेथे नियम योग्य की अयोग्य, लागू की रद्द, असे प्रश्न विचारता येतात. तो खरा की खोटा, असे कोणी विचारीत नाही. धातू एकच, उपसर्ग एकच. परंतु पहिल्या घरी जे आहे ते सांगावयाचे असते, तर दुसऱ्या घरी जे व्हावयाचे आहे ते ठरवावयाचे असते. रोजच्या व्यवहारात या दोन अर्थांची गल्लत सहसा होत नाही. ती झाली म्हणजे काय घडते, हे पाहण्यास विधिमंडळांच्या इतिहासातील एक प्रसंग विशेष उपयोगी पडतो.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी १८९७ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या सिनेटपुढे, म्हणजे तेथील विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहापुढे, एक विधेयक चर्चेस आले. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे जे गुणोत्तर गणितात ‘पाय’ या ग्रीक अक्षराने ओळखले जाते, त्याची नवी किंमत या विधेयकात अंतर्भूत होती. कनिष्ठ सभागृहाने ते एकही विरोधी मत न पडता संमत केले होते. सिनेटने सुमारे अर्धा तास त्याची थट्टा केली आणि त्याचा विचार बेमुदत तहकूब केला. हा प्रसंग गणिताच्या पुस्तकांतून विनोदी आख्यायिका म्हणून वारंवार सांगितला जातो. आणि आख्यायिकेचे जे व्हावयाचे ते त्याचे झाले आहे. विधेयकाचा कायदा झाला, असे कोणी सांगतो. ‘पाय’ची किंमत तीन ठरविण्यात आली, असे दुसरा सांगतो. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

प्रस्तुत लेखाचा हेतू आख्यायिका दुरुस्त करणे एवढाच नाही. त्या दुपारी सिनेटने नेमके काय नाकारले, हा प्रश्न येथे विचारावयाचा आहे. सिनेटने चुकीचे गणित नाकारले, असे सामान्यतः मानले जाते. विधेयकाचा मसुदा आणि सभागृहातील प्रस्ताव वाक्यरचनेच्या दृष्टीने तपासले असता निराळे उत्तर मिळते, असे मला वाटते.

२

विधेयकाचा कर्ता विधिमंडळाचा सदस्य नव्हता. एडवर्ड जे. गुडविन हा इंडियानाच्या नैर्ऋत्य टोकाकडील पोझी परगण्यात वैद्यकी करणारा गृहस्थ. त्याच्या गावाचे नाव सॉलिट्यूड, म्हणजे एकान्त. वर्तुळाचे अचूक मापन आपणास १८८८ मध्ये अलौकिक रीतीने उमगले, असा त्याचा दावा होता. वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस काढणे, कोनाचे तीन समान भाग करणे आणि घनाच्या दुप्पट घन काढणे, हे ग्रीकांपासून चालत आलेले तिन्ही कूटप्रश्न आपण सोडविले, असे तो सांगे. यांपैकी पट्टी व कंपास यांच्या साहाय्याने शेवटचे दोन सोडविणे अशक्य आहे, हे वांत्सेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये सिद्ध केले होते. पहिल्याची अशक्यता १८८२ मध्ये लिंडेमानच्या सिद्धतेने निश्चित झाली होती. अर्थात गुडविनच्या प्रयत्नाचा निकाल त्याने लेखणी उचलण्यापूर्वीच लागलेला होता.

त्याने आपला शोध राज्यापुढे ठेवला तो मोठ्या उदार शब्दांत. विधेयकाच्या लांबलचक नावाचा आशय असा : हे एका नव्या गणिती सत्याचा परिचय करून देणारे विधेयक असून, शिक्षणास दिलेले हे योगदान इंडियाना राज्याने कोणतेही स्वामित्वशुल्क न देता वापरावे, अट एकच, १८९७ च्या विधिमंडळाने ते अधिकृतपणे स्वीकारावे. इतरांना मात्र शुल्क द्यावे लागणार होते. म्हणजे सत्य हे लेखकाच्या मालकीचे, राज्याच्या स्वीकृतीने प्रमाणित होणारे आणि शेजाऱ्यांना विकत मिळणारे, अशी ही कल्पना.

मसुद्याची कलमे तीन. पहिल्या कलमाचा सरळ अर्थ असा होतो की, ज्या चौरसाची बाजू वर्तुळाच्या परिघाच्या चतुर्थांशाएवढी, त्या चौरसाचे क्षेत्रफळ त्या वर्तुळाएवढेच असते. चारशे हात दोरीने चौरस वेढला तर आत दहा हजार चौरस हात जागा येते. त्याच दोरीने वर्तुळ वेढले तर सुमारे बारा हजार सातशे. हे ओळखण्यास भूमिती शिकलेली असावी लागत नाही. गुरांसाठी गोल कुंपण घालणाऱ्या माणसाला ते ठाऊक असते. दुसऱ्या कलमात तीन गुणोत्तरे दिली आहेत : नव्वद अंशांच्या कंसाची जीवा व तो कंस यांचे सातास आठ, चौरसाचा कर्ण व बाजू यांचे दहास सात, आणि व्यास व परीघ यांचे सव्वास चार. दहा हात व्यासाचे वर्तुळ घेतले तर त्याच्या आतील चौरसाची बाजू सात हात, प्रत्येक चतुर्थांश कंस आठ हात आणि परीघ बत्तीस हात, असे हे चित्र आहे. त्यावरून ‘पाय’ची किंमत ३.२ निघते, मात्र ती संख्या किंवा ते ग्रीक अक्षर मसुद्यात कोठेही नाही. शिवाय साताचा वर्ग व साताचा वर्ग मिळून अठ्ठ्याण्णव होतात, दहाचा वर्ग शंभर. म्हणजे पायथागोरसचा सिद्धान्तही येथे दोन एककांनी तुटतो. पहिले कलम धरून चालल्यास ‘पाय’ची किंमत चार येते, दुसरे धरल्यास ३.२. दोन लागोपाठच्या कलमांचा एकमेकांशी मेळ नाही, ही गोष्ट कनिष्ठ सभागृहात कोणाच्या ध्यानात आली नाही.

तिसरे कलम भाषेच्या अभ्यासकास अधिक बोलके वाटावे. त्यात लेखकाची योग्यता सिद्ध करण्यासाठी त्याचे लेखन ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’ या नियतकालिकाने स्वीकारल्याचे सांगितले आहे. ते लेखन त्या मासिकाच्या पहिल्याच वर्षी, १८९४ मध्ये, शंका व माहिती या सदरात ‘लेखकाच्या विनंतीवरून’ अशा नोंदीसह छापले गेले होते. छापणे आणि मान्य करणे या दोन क्रियांतील अंतर पुसून टाकल्याने एक आधार तयार झाला; आता त्या आधारावर विधिमंडळाची मान्यता मागावयाची होती. एका संस्थेच्या सौजन्यातून दुसऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र कसे उत्पन्न होते, याचा हा चांगला नमुना आहे.

३

हे विधेयक पोझी परगण्याचे प्रतिनिधी टेलर रेकॉर्ड यांनी १८ जानेवारी १८९७ रोजी प्रतिनिधिगृहात मांडले. रेकॉर्ड हे शेतकरी व लाकडाचे व्यापारी होते. आपल्या मतदारसंघातील एका वजनदार गृहस्थाचे काम त्यांनी केले, एवढाच त्यांचा संबंध दिसतो. ते कोणत्या समितीकडे पाठवावे, हेच प्रथम कोणास कळेना. अखेर ते कालवे समितीकडे गेले. या समितीस दलदलीच्या जमिनींची समिती असेही म्हणत, आणि तेथे या विधेयकास योग्य ते थडगे लाभेल, अशी कोटीही एका सदस्याने केली. परंतु समितीने ते दुसऱ्याच दिवशी शिक्षण समितीकडे सोपविण्याची शिफारस केली. शिक्षण समितीने अनुकूल अभिप्राय दिला. आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सभागृहाने ते ६७ विरुद्ध ० मतांनी संमत केले.

या एकमताचा अर्थ लावताना सदुसष्ट माणसांच्या मूर्खपणाकडे बोट दाखविणे सोपे आहे; परंतु इतिहासकाराने सोप्या उत्तराविषयी साशंक राहावे. इंडियानाच्या १८५१ च्या राज्यघटनेनुसार विधिमंडळाचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा भरे आणि ते एकसष्ट दिवसांपलीकडे चालविता येत नसे. प्रत्येक विधेयकाचे वाचन प्रत्येक सभागृहात तीन निरनिराळ्या दिवशी व्हावे, असा घटनेचा दंडक होता. मात्र तातडीच्या प्रसंगी दोन-तृतीयांश मतांनी तो बाजूस ठेवता येई. काम पुष्कळ, दिवस थोडके, म्हणून सवलतीचा वापर सर्रास होई. प्रस्तुत विधेयकाच्या बाबतीतही तो झाला. म्हणजे ज्या नियमाने विचारास उसंत मिळावयाची, तोच नियम उसंत नाही म्हणून बाजूस सारला गेला.

दुसरे कारण शब्दांचे. ‘शिक्षण’, ‘योगदान’, ‘सत्य’, ‘विनामूल्य’ हे सारे शब्द असे आहेत की त्यांना विरोध करणारा माणूस आधीच आरोपी ठरतो. मसुद्यातील भूमितीची भाषा कोणास कळत नव्हती. नावातील भाषा सर्वांस कळत होती. जे कळत नाही त्याविषयी मौन आणि जे कळते त्याविषयी अनुकूलता, या दोहोंच्या बेरजेतून एकमत निर्माण झाले. राज्यघटनेच्या चौथ्या अनुच्छेदात आणखी एक तरतूद आहे, तिची येथे आठवण होते : प्रत्येक अधिनियम सुबोध शब्दांत लिहावा आणि शक्य तोवर पारिभाषिक शब्द टाळावेत. ही तरतूद केवळ शैलीची नाही. मत देणाऱ्यास वाक्य कळले पाहिजे, ही मतदानाची पूर्वअट आहे. ती पाळली गेली असती तर हे विधेयक पहिल्याच दिवशी अडले असते.

४

योगायोग असा की, प्रतिनिधिगृहात या विधेयकाची चर्चा चालू असताना पर्ड्यू विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक सी. ए. वाल्डो हे तेथे येऊन पोहोचले. इंडियाना विज्ञान अकादमीस राज्याकडून अनुदान मिळावे, या खटपटीसाठी ते राजधानीत आले होते. या प्रसंगाची हकीकत त्यांनी पुढे १९१६ मध्ये लिहून ठेवली आहे. त्यांनी सभागृहात पाऊल टाकले तेव्हा पूर्वी शिक्षक असलेले एक सदस्य सांगत होते की, प्रश्न अगदी साधा आहे. विधेयक संमत केले की आपल्या पाठ्यपुस्तकांत हा शोध फुकट छापता येईल, इतरांना त्याचे पैसे मोजावे लागतील. नंतर कोणी तरी विधेयकाची प्रत वाल्डो यांस दाखविली आणि त्या विद्वान वैद्यांशी ओळख करून देऊ का, असे विचारले. माझ्या ओळखीची वेडी माणसे आहेत तेवढी पुरेत, असे सांगून त्यांनी ती नाकारली. मात्र तेवढ्यावर ते थांबले नाहीत. सिनेटच्या काही सदस्यांना भेटून त्यांनी वस्तुस्थिती समजावून दिली.

१० फेब्रुवारीस विधेयक सिनेटकडे आले व ११ तारखेस मद्यसंयम समितीकडे गेले. गणिताचा आणि मद्याचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर समितीच्या अहवालात सापडत नाही. दुसऱ्याच दिवशी सिनेटर हॅरी न्यू यांनी समितीच्या वतीने विधेयक संमत करावे, अशी शिफारस सादर केली. हेच न्यू पुढे अमेरिकेच्या केंद्रीय सिनेटचे सदस्य व नंतर पोस्टमास्टर जनरल झाले. म्हणजे १२ फेब्रुवारीच्या दुपारपर्यंत या विधेयकाच्या विरोधात एकाही समितीचा अहवाल नव्हता, एकही मत नोंदलेले नव्हते.

दुपारी सिनेटर बोझमन यांनी विधेयक चर्चेस घेतले. त्याचे द्वितीय वाचन झाले. वृत्तपत्रांच्या वृत्तांतावरून दिसते ते असे की, सदस्यांनी त्यावर कोट्या केल्या, हशा पिकला, आणि सुमारे अर्धा तास हे चालले. सिनेटर होगेट यांनी एक दुरुस्ती सुचविली : विधेयकाचे अधिनियमन-सूत्र गाळावे. ही दुरुस्ती फेटाळली गेली. मग सिनेटर हबेल उठले. सिनेटचा राज्यावर दिवसाला अडीचशे डॉलर खर्च पडतो. अशा पोरखेळात वेळ घालविणे सभागृहास शोभत नाही. शिकागोची व पूर्वेकडील वृत्तपत्रे या विधेयकामुळे इंडियानाच्या विधिमंडळाचे हसे करीत आहेत. असे त्यांचे म्हणणे होते. पाण्याने डोंगर चढावा असा कायदा करणे आणि कायद्याने गणिती सत्य स्थापणे सारखेच, अशा आशयाचे त्यांचे उद्गारही छापले गेले आहेत. विधेयकाचा विचार बेमुदत तहकूब करावा, हा त्यांचा प्रस्ताव संमत झाला. विधेयकाचे तृतीय वाचन कधीच झाले नाही. गुडविन १९०२ मध्ये वारला.

५

या दुपारच्या वृत्तांतातील एका तपशिलाकडे आख्यायिका सांगणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. दुसऱ्या दिवशीच्या एका वृत्तपत्राने नोंदविले आहे की, जे जे सदस्य बोलले त्या सर्वांनी या प्रश्नातील गणिताचे आपणास ज्ञान नसल्याचे कबूल केले. केवळ हा कायदा करण्याचा विषय नव्हे, असे त्यांनी मानले. म्हणजे सिनेटने गुडविनचे गणित चुकीचे ठरविले नाही. ते ठरविण्याचा अधिकार आपणास आहे, हेच मानण्याचे तिने नाकारले. वरवर पाहता हा फरक सूक्ष्म वाटतो. परंतु सिनेटने जर ‘हे गणित खोटे आहे’ असा ठराव केला असता, तर तिनेही गुडविनचीच चूक केली असती. खरे ठरविण्याची सत्ता ज्यास नाही, त्यास खोटे ठरविण्याची सत्ताही नसते.

आता मसुद्याच्या वाक्यरचनेकडे पाहू. इंडियानाच्या घटनेनुसार प्रत्येक कायद्याच्या आरंभी एक ठरावीक सूत्र असावे लागते. राज्याच्या विधिमंडळाने पुढील अधिनियम करावा, असा त्याचा भाव आहे. आपल्याकडील अधिनियमांतही ‘याद्वारे पुढील अधिनियम करण्यात येत आहे’ अशा धाटणीचे वाक्य असते. या सूत्राचे वैशिष्ट्य असे की, त्यातील क्रिया त्या वाक्यानेच घडते. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत अशा उक्तींचे विवेचन केले. ती व्याख्याने १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्यावर भाषाविज्ञानात हा विषय रुळला. सूत्रानंतर येणारी वाक्येही त्याच जातीची असावी लागतात : अमुक करावे, अमुक करू नये, अमुक शब्दाचा अर्थ असा समजण्यात येईल. गुडविनच्या विधेयकात सूत्रानंतरचे पहिलेच वाक्य मात्र ‘असे आढळून आले आहे की’ या वळणाचे आहे. आढळणे ही विधिमंडळाने करावयाची क्रिया नव्हे. मस्तक विधीचे आणि धड वर्णनाचे, असा हा प्राणी आहे.

होगेट यांच्या दुरुस्तीचे मर्म येथे उलगडते. अधिनियमन-सूत्र गाळणे हा अमेरिकन विधिमंडळांत विधेयक मारण्याचा एक रूढ मार्ग आहे. होगेट यांच्या मनात त्याहून अधिक काही असेल, असे म्हणण्यास आधार नाही. तथापि या विशिष्ट विधेयकाच्या बाबतीत ती दुरुस्ती रोगाच्या नेमक्या जागेवर बोट ठेवते. सूत्र गाळले की उरते ते एका माणसाचे मत. ते खरे की खोटे, हे गणितज्ञांनी पाहावे. साऱ्या अनर्थाचे मूळ त्या एका वाक्यात होते.

आपल्या परंपरेत या भेदाचा विचार पुष्कळ खोलवर झाला आहे. मीमांसकांनी विधी आणि अर्थवाद असे वाक्यांचे प्रकार मानले, आणि विधीचा विषय साध्य असतो, सिद्ध नव्हे, असे सांगितले. जे आहेच ते करा, असे सांगण्यात अर्थ नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हाच धागा पकडून ज्ञान हे वस्तुतंत्र आहे, पुरुषतंत्र नाही, असे प्रतिपादिले. कर्म करणे, न करणे किंवा निराळ्या रीतीने करणे माणसाच्या हाती असते. अग्नीला अग्नी म्हणून जाणणे हे मात्र अग्नीवर अवलंबून असते, आज्ञेवर नाही. या परिभाषेत सांगावयाचे तर, गुडविनचे विधेयक म्हणजे वस्तुतंत्रास पुरुषतंत्र करण्याचा प्रयत्न होता.

यावर एक आक्षेप संभवतो. राज्यसत्ता मापे ठरविते, मग गुणोत्तर का ठरवू नये? शिवकालीन जमीनमोजणीत पाच हात व पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर, असे सभासदाच्या बखरीत सांगितले आहे. स्वतंत्र भारतात वजने व मापे यांविषयीच्या १९५६ च्या अधिनियमाने दशमान पद्धती आली. हे सारे सत्तेच्या अधिकारातलेच आहे. काठी सहा हातांची करावी, असे उद्या ठरले तर त्यात काही खोटे होत नाही. एक व्यवहार जाऊन दुसरा येतो. परंतु बिघ्याची बाजू वीस काठ्या धरली की त्याचा कर्ण अठ्ठावीस काठ्यांहून थोडा अधिक भरतो, आणि काठीची लांबी काहीही असली तरी तो तेवढाच भरतो. काठी राजाची, कर्ण कोणाचाच नाही. कायद्याची व्याख्या काठीपुरती चालते.

कायद्याच्या भाषेला ही मर्यादा ठाऊक असते, म्हणूनच तिने एक विशेष शब्द घडविला आहे. ‘मानीव’ हा तो शब्द. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना ‘मानीव अभिहस्तांतरण’ चांगले परिचित आहे. जे घडलेले नाही ते विशिष्ट प्रयोजनापुरते घडले असे मानावे, एवढेच तो शब्द म्हणतो. ते घडले आहे, असा दावा तो करीत नाही. ‘मानीव’ हे कायद्याच्या प्रामाणिकपणाचे चिन्ह होय. गुडविनच्या मसुद्यात तशा कोणत्याही शब्दाचा मागमूस नाही. उलट त्यात प्रचलित नियम सदोष व दिशाभूल करणारा म्हणून टाकून द्यावा, असे म्हटले आहे.

ज्ञानाच्या क्षेत्रातही अशी प्रामाणिक चिन्हे असतात. आर्यभटाने ४९९ मध्ये वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला आणि त्यास ‘आसन्न’ हे विशेषण जोडले; म्हणजे जवळचा, पूर्णांशाने तोच नव्हे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) दोन गुणोत्तरे दिली : ३,९२७ व १,२५० यांचे सूक्ष्म, आणि २२ व ७ यांचे स्थूल, व्यवहारापुरते. गुडविनची किंमत या स्थूल किमतीपेक्षाही दूर आहे; पण खरे अंतर संख्येचे नाही. एका बाजूस आपल्या विधानाची मर्यादा विधानातच नोंदविणारे शब्द आहेत, दुसऱ्या बाजूस मर्यादा पुसण्यासाठी राज्याची मोहोर मागणारा अर्ज आहे.

६

सिनेटच्या निर्णयाचे श्रेय मात्र बेताने द्यावयास हवे. हबेल यांच्या भाषणात खर्चाचा आणि लौकिकाचा मुद्दा अधिकाराच्या मुद्द्याहून कमी ठळक नाही. वृत्तपत्रांनी थट्टा आरंभिली नसती आणि वाल्डो त्या दिवशी राजधानीत नसते, तर समितीच्या अनुकूल अहवालानंतर विधेयक पुढे सरकणे अशक्य नव्हते. दोन सभागृहे असली म्हणजे एकाची चूक दुसरे आपोआप सुधारते, असा निष्कर्षही येथून निघत नाही. सिनेटच्या समितीने तर चुकीवर शिक्काच मारला होता. दुसऱ्या सभागृहाने दिले ते शहाणपण नव्हे, वेळ दिला. त्या सहा-सात दिवसांत एका जाणकाराचा आवाज सभागृहापर्यंत पोहोचू शकला. इंडियानाचे सिनेट विधेयक कायमचे रोखू शकत होते. आपल्याकडे राज्यघटनेच्या १९७ व्या अनुच्छेदानुसार विधान परिषद साधे विधेयक प्रथम तीन महिने व विधानसभेने पुन्हा संमत केल्यावर आणखी एक महिना, एवढेच थोपवू शकते. हा अधिकार तोकडा खरा. पण प्रस्तुत प्रसंगात आठवडाही पुरला, हे विसरता येत नाही.

आम्हा भाषाभ्यासकांना या प्रसंगाचे महत्त्व अधिक जवळचे आहे. वर्तुळाच्या बाबतीत सीमारेषा इतकी ठळक आहे की ती ओलांडणारा हास्यास्पद ठरतो. भाषेच्या बाबतीत ती तशी ठळक दिसत नाही, आणि म्हणून ओलांडली गेली तरी कोणी हसत नाही. गोव्यात १९८७ च्या राजभाषा अधिनियमाने देवनागरी लिपीतील कोकणीस राजभाषेचे स्थान दिले व मराठीच्या वापराचीही तरतूद केली. १९९२ मध्ये कोकणीचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला. हे सारे विधिमंडळांच्या व संसदेच्या अधिकारातील निर्णय आहेत आणि ते बंधनकारक आहेत. परंतु कोकणी व मराठी यांचा ऐतिहासिक संबंध कसा, त्यांची ध्वनिव्यवस्था व रूपव्यवस्था कोठे एक व कोठे निराळी, हे प्रश्न त्या निर्णयांपूर्वी जसे होते तसेच नंतरही आहेत. त्या कायद्यांचा आधार घेऊन भाषाशास्त्रीय वाद जिंकता येत नाही, तसेच भाषाशास्त्राचा आधार घेऊन ते कायदे खोटेही ठरविता येत नाहीत.

मराठीस ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद आपणा सर्वांस झाला, आणि तो रास्तच होता. परंतु त्यानंतर विद्यार्थ्यांच्या निबंधांतून एक युक्तिवाद आढळू लागला आहे : सरकारने दर्जा दिला, अर्थात मराठीचे प्राचीनत्व सिद्ध झाले. येथे दर्जा आणि वय यांची गल्लत आहे. दर्जा हा देण्याने मिळतो. तो पुरुषतंत्र आहे. वय हे शिलालेख, ताम्रपट, प्राकृतांची रूपे आणि ध्वनिपरिवर्तनाचे नियम यांच्या साक्षीने ठरते. ते वस्तुतंत्र आहे. दर्जा मिळण्यापूर्वी जो पुरावा अपुरा होता तो मिळाल्यानंतर पुरेसा होत नाही, आणि जो भक्कम होता त्यास दर्जाची गरज नव्हती. ज्यांना मराठीचे प्राचीनत्व प्रिय आहे त्यांनी तर या गल्लतीपासून विशेष जपावे. कारण ज्या सिद्धान्तास आदेशाचा टेकू लागतो, त्याचा स्वतःचा पाया कोणी तपासून पाहीनासा होतो.

राज्यसत्तेने ज्ञानासाठी काहीच करू नये, असा याचा अर्थ नाही. तिने काय करावे, याचे उत्तर चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. यादव राजा सिंघण याच्या काळात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशातील मांडलिकांनी त्यास देणग्या दिल्या. तेराव्या शतकाच्या प्रारंभीचा हा लेख संस्कृतात असून त्याचा अखेरचा भाग, कोणत्या मालाच्या व्यवहारातून मठास काय द्यावयाचे याचा तपशील सांगणारा, जुन्या मराठीत आहे. मराठीच्या प्राचीन कोरीव लेखांत त्याची गणना होते. भास्कराचार्यांचे गणित खरे आहे, असे फर्मान त्या मांडलिकांनी काढले नाही. ते जेथे शिकविले जाईल, तपासले जाईल त्या जागेस त्यांनी उत्पन्न नेमून दिले. देणे ही सत्तेची क्रिया आहे, आणि ती वाक्याने पुरी होते.

वाल्डो इंडियानापोलिसला आले होते ते अशाच एका देण्यासाठी, विज्ञान अकादमीच्या अनुदानासाठी. त्या फेब्रुवारीत विधिमंडळापुढे ज्ञानाच्या नावाने दोन मागण्या आल्या होत्या. एक सत्याची मोहोर मागत होती, दुसरी अभ्यासाचा खर्च. पहिली मागणी फुकट होती आणि दुसरीला पैसे पडणार होते. कनिष्ठ सभागृह फुकटास भुलले. फुकट म्हणून जे देऊ केले होते ते स्वीकारण्याचा आपणास अधिकारच नाही, हे सिनेटच्या ध्यानात त्या दुपारी आले. हशा, संकोच आणि खर्चाची चिंता यांच्या गर्दीतून का होईना, पण वेळेवर आले.